करार मित्राशी, लगामही मित्रालाच

नाशिकच्या गंगापूर रोडला लागून असलेल्या आनंदवल्लीचं नाव आनंदीबाईंवरून पडलं. राघोबादादा गेल्यावर त्या आपल्या मुलांना घेऊन काही वर्षं इथं राहिल्या. त्या मुलांपैकी एक पुढे पेशवा झाला, तो दुसरा बाजीराव. या एकाच घरातल्या बापानं आणि लेकानं, २७ वर्षांच्या अंतरानं, इंग्रजांशी लष्करी करार केले. बापानं १७७५ मध्ये सुरतेला केला आणि लेकानं १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला. बलाढ्य देश लष्करी मैत्री का करतात हे समजून घ्यायचं असेल, तर आपल्याकडच्या माणसानं वॉशिंग्टन-मॉस्कोला जाण्याआधी वसईला जावं असं मला मनापासून वाटतं. तिथं सगळं उघड्यावर मांडलेलं दिसतं.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणं सोडून पळाला, कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयानं वसईला पोचला. त्याला एकच गोष्ट हवी होती, पुण्याची गादी. इंग्रजांनी ती मिळवून द्यायचं कबूल केलं, आणि मे १८०३ मध्ये खरोखर मिळवूनही दिली. म्हणजे शब्द पाळला. ही बाब आपण शाळेत घाईघाईनं ओलांडतो. करारात फसवणूक झाली असं म्हणून आपण मोकळे होतो, पण वसईच्या तहातलं प्रत्येक कलम बाजीरावाच्या डोळ्यांसमोर होतं.

कलमं अशी होती. ईस्ट इंडिया कंपनीचं किमान सहा हजारांचं पायदळ पेशव्याच्या मुलखात कायम राहील. त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचं उत्पन्न देणारा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या देशांचे गोरे लोक चाकरीत ठेवायचे नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. इतर कुठल्याही राज्याशी बोलणी करायची तर आधी कंपनीशी मसलत करायची.

आता यातली किती कलमं होळकरांच्या विरोधात आहेत ते पाहा. फक्त पहिलं. बाकी सगळी पेशव्यालाच बांधणारी आहेत. पैसा कुठून येणार, माणसं कोण ठेवणार, भांडायचं कोणाशी, बोलायचं कोणाशी, हे सगळे निर्णय शत्रूचं नाव पुढे करून मित्राकडून काढून घेतले. कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लीनं हेच आधी, १७९८ मध्ये, निजामासोबत केलं होतं. शाळेच्या पुस्तकात आपण याला तैनाती फौज म्हणतो. पुढची पंधरा वर्षं संपली तेव्हा पेशवाईही संपली. १८१८ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातला मालेगावचा किल्ला जवळपास महिनाभर इंग्रजांशी झुंजत होता, आणि त्याच सुमारास बाजीरावानं शरणागती पत्करून उत्तरेकडे बिठूरची वाट धरली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बलाढ्य देशाच्या लष्करी कराराला दोन तोंडं असतात. एक शत्रूकडे, दुसरं मित्राकडे. बातम्यांत आपल्याला पहिलंच दाखवलं जातं. दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय जगाचं राजकारण उमगत नाही.

पतसंस्थेच्या कर्जाला कोणी आपल्यासाठी जामीन राहिला, की तो आपल्या घरखर्चाबद्दलही चार गोष्टी विचारू लागतो. नवी गाडी घेताय का, भावाशी कोर्टकचेरी काढताय का. त्याला तो हक्क वाटतो, कारण आपण बुडालो तर वसुली त्याच्या दारात येणार असते. लष्करी हमी देणारा देश नेमक्या याच जागी असतो. १९१४ च्या जुलैत जर्मनीनं ऑस्ट्रियाला विनाअट पाठिंबा दिला, ऑस्ट्रियानं सर्बियावर स्वारी केली आणि सगळा युरोप युद्धात ओढला गेला. हा धडा पुढच्या प्रत्येक महासत्तेनं लक्षात ठेवला. दुबळ्या मित्राच्या भांडणात आपण फरफटत जाऊ नये, अशी तजवीज आधी करायची आणि मग हमी द्यायची.

ती तजवीज कशी असते हे नाटो करारात दिसतं. हा करार ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी केला. आज ३२ देश आहेत. त्याचं पाचवं कलम सगळ्यांना तोंडपाठ असतं: एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय, की प्रत्येक देश त्याला ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करेल, त्यात सैन्य वापरणंही येऊ शकतं. म्हणजे युद्धात उतरायचं की औषधं आणि इंधन पाठवायचं, हे ज्यानं-त्यानं ठरवायचं. सहावं कलम तर हमीची भौगोलिक हद्दच आखून देतं. अटलांटिकमधली बेटं कर्कवृत्ताच्या उत्तरेला असतील तरच हमी लागू. म्हणून १९८२ मध्ये अर्जेंटिनानं फॉकलंड बेटं घेतली तेव्हा ब्रिटनला नाटोचं पाचवं कलम पुढे करता आलं नाही, बेटं फार दक्षिणेला होती. एवढ्या वर्षांत हे कलम एकदाच अमलात आलं, सप्टेंबर २००१ मध्ये, आणि तेही अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर, अमेरिकेच्या बाजूनं.

मित्राला आवरण्याचं काम मात्र नाटोनं पहिल्यापासून केलं. पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य उभारू द्यायचं का, या प्रश्नानं फ्रान्सची झोप उडाली होती. दहा वर्षांत दोनदा नव्हे, पण एका आयुष्यात दोनदा त्यांनी जर्मन फौजा आपल्या अंगणात पाहिल्या होत्या. तोडगा निघाला तो असा: १९५५ मध्ये जर्मनीला नाटोत घेतलं, तिचं नवं सैन्य नाटोच्या हुकमाखाली ठेवलं, आणि आपल्या भूमीवर अणुबॉम्ब, रासायनिक व जैविक अस्त्रं बनवणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं. रशियाला रोखायला जर्मनी हवी होती आणि जर्मनीला सांभाळायला नाटो. युरोपातल्या नाटोच्या फौजांचा सर्वोच्च सेनापती पहिल्यापासून अमेरिकनच असतो, १९५१ मधल्या आयझेनहॉवरपासून आजपर्यंत. सरचिटणीसपद युरोपियनांना मिळतं. हुकूम कोणाच्या हाती आणि सभेचं अध्यक्षपद कोणाच्या, यातला फरक आपल्या ग्रामपंचायतीपासून सगळीकडे लोकांना चांगला कळतो.

कोरियाचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, म्हणून तिथं जरा थांबतो. १९५३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेला तीन वर्षांचं कोरियन युद्ध संपवायचं होतं. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना ते मुळीच संपवायचं नव्हतं, त्यांना उत्तरेवर चाल करून सगळा देश एक करायचा होता. युद्धबंदीची बोलणी शेवटच्या टप्प्यात आली होती आणि कैद्यांची अदलाबदल हा नाजूक मुद्दा होता. अशा वेळी १८ जूनच्या रात्री री यांनी आपल्या पहारेकऱ्यांना हुकूम दिला आणि कैद्यांच्या छावण्यांची दारं उघडली गेली. परत उत्तरेत जायला तयार नसलेले सुमारे २७ हजार कैदी बाहेर पडून लोकांत मिसळून गेले. बोलणी मोडावीत हाच हेतू होता. अमेरिकन अधिकाऱ्यांनी तर हे अध्यक्ष फारच आडवे आले तर त्यांना हटवायचं कसं, याचाही आराखडा तयार ठेवला होता.

शेवटी हटवलं नाही. करार दिला. जुलैमध्ये युद्धबंदी झाली आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी संरक्षण करारावर सह्या झाल्या. त्या कराराला अमेरिकेच्या सिनेटनं एक खुलासा जोडला: बाहेरून सशस्त्र हल्ला झाला तरच अमेरिका बांधील राहील. म्हणजे री यांनी स्वतः उत्तरेवर चाल केली तर अमेरिका येणार नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक कागद झाला. त्यात कोट्यवधी डॉलरची मदत होती आणि त्या बदल्यात दक्षिण कोरियाच्या फौजा अमेरिकन सेनापतीच्या हुकमाखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या कमांडकडे राहतील असं कबूल करून घेतलं होतं. शांततेच्या काळातला हुकूम कोरियाला परत मिळाला तो १९९४ मध्ये. मधल्या काळात, सत्तरच्या दशकात, तिथले अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी अणुबॉम्बच्या दिशेनं पावलं टाकायला सुरुवात केली होती. फ्रान्सकडून इंधन-प्रक्रियेचा कारखाना घ्यायचं ठरत होतं. अमेरिकेनं दबाव आणला आणि १९७६ मध्ये तो व्यवहार गुंडाळावा लागला. कराराप्रमाणे तैनात असलेलं सैन्य काढून घेऊ, एवढी शक्यता कोरियासमोर ठेवली तरी पुरे व्हायचं.

यात दक्षिण कोरियाचं भलंच झालं, असं कोणी म्हणेल. मी ते नाकारत नाही. दुसरं युद्ध झालं नाही, त्या शांततेत तो देश उभा राहिला. दुबळे देश असे करार बळजबरीनंच करतात असंही नाही. फिनलंडनं २०२३ मध्ये आणि स्वीडननं २०२४ मध्ये युक्रेनकडे पाहून स्वतःच्या पायानं नाटोत प्रवेश केला. लहान देशाला शेजारी मोठा आणि आक्रमक असेल तर थोडं स्वातंत्र्य देऊन सुरक्षितता घेणं शहाणपणाचं असू शकतं. देवाणघेवाण होते हे मान्य केलं म्हणजे झालं.

मग वसईचा तह आणि नाटो एकच का? नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. प्रश्न विचारायचा तो हा: यातून बाहेर पडता येतं का? १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी आपलं सैन्य नाटोच्या एकत्र हुकमातून काढून घेतलं आणि अमेरिकन फौजांना देश सोडायला सांगितलं. त्या गेल्या. नाटोचं मुख्यालय पॅरिसहून उचलून ब्रसेल्सजवळ न्यावं लागलं. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटनं अमेरिकन तळांच्या मुदतवाढीला नकार दिला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेनं सुबिक बेचा प्रचंड नौदल तळ रिकामा केला. याउलट सोव्हिएत संघाच्या गोटातला वॉर्सा करार. १९५६ मध्ये हंगेरीनं त्यातून बाहेर पडायची घोषणा केली आणि बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियानं तर करार सोडायचं नावही काढलं नव्हतं, फक्त घरात थोडं मोकळं वारं येऊ दिलं होतं. वॉर्सा कराराच्याच सदस्य देशांच्या फौजा तिच्यावर चालून गेल्या. युरोपात या कराराची सर्वांत मोठी लष्करी कारवाई स्वतःच्याच सदस्यावर झाली, हे मला त्या शतकातलं एक मोठं दुःख वाटतं.

अमेरिका हात बांधून बसते असंही कोणी समजू नये. १९५६ मध्येच ब्रिटन आणि फ्रान्सनं इस्रायलला सोबत घेऊन इजिप्तवर हल्ला केला, सुएझ कालव्यासाठी. अमेरिकेला हे मान्य नव्हतं. तिनं सैन्य हलवलं नाही. पौंडाची किंमत घसरत होती आणि ब्रिटनला नाणेनिधीकडून पैसे हवे होते, ते अमेरिकेनं अडवून धरले. काही दिवसांत ब्रिटननं युद्ध थांबवलं.

आता आपल्या शेजारी. पाकिस्ताननं १९५४ मध्ये अमेरिकेशी शस्त्रमदतीचा करार केला, त्याच वर्षी मनिलात सीटो या आग्नेय आशियासाठीच्या लष्करी गटात सामील झाला आणि १९५५ मध्ये पश्चिम आशियातल्या बगदाद करारात. त्याला भारताविरुद्ध पाठीराखा हवा होता. अमेरिकेला हवी होती सोव्हिएत सीमेजवळची जागा. ती मिळालीही. मे १९६० मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडलं गेलेलं यू-२ हेरगिरी विमान पेशावरहून उडालं होतं. पण सीटोच्या करारात अमेरिकेनं एक खुलासा लिहून ठेवला होता, की आक्रमण म्हणजे तिच्या दृष्टीनं फक्त कम्युनिस्ट आक्रमण. भारत त्यात बसतच नव्हता. १९६५ चं युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेनं दोन्ही देशांची शस्त्रं रोखली. वरवर हा समान न्याय, पण पाकिस्तानचे रणगाडे आणि विमानं बहुतेक अमेरिकन होती, त्यामुळे सुट्या भागांचा फटका जास्त बसला तो मित्रालाच. करार वाचताना आपल्या आशेची ओळ सगळेच वाचतात, त्यांनी लिहिलेली अट कोणी वाचत नाही.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्ताननं ‘एकावरचं आक्रमण ते दोघांवरचं’ असा करार केला आणि आपल्याकडे चहाच्या टपऱ्यांपासून टीव्हीपर्यंत सौदी आता भारतावर येणार का अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा मला ती चर्चा उलट्या बाजूनं सुरू झालेली वाटली. त्याच महिन्यात आठच दिवस आधी इस्रायलनं कतारची राजधानी दोहावर हवाई हल्ला केला होता. कतारमध्ये अमेरिकेचा अल-उदैद हा या भागातला सर्वांत मोठा तळ आहे. मोठ्या मित्राचं छत्र डोक्यावर असून हल्ला थांबला नाही, हे आखातातल्या प्रत्येक राजघराण्यानं पाहिलं. सौदीनं दुसरी विमा-पॉलिसी काढली, असं मी त्याकडे पाहतो. पैसा सौदीकडे आहे, तेव्हा या जोडीत लगाम कोणाच्या हाती राहील याचा अंदाज बांधता येतो.

रशियाच्या छत्राखालच्यांचाही अनुभव असाच. सीएसटीओ या रशियाच्या पुढाकारातल्या लष्करी गटानं जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात सरकार वाचवायला तातडीनं सैनिक पाठवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर आर्मेनियानं मदत मागितली, तेव्हा सैन्य आलं नाही. २०२४ मध्ये आर्मेनियानं आपला सहभाग गोठवला. दरम्यान त्यानं शस्त्रांसाठी नवी दारं ठोठावली होती आणि त्यातलं एक दार भारताचं होतं. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीच्या ‘तोपची’ प्रात्यक्षिकात जे पिनाक रॉकेट सुटताना नाशिककर पाहतात, ते आर्मेनियानं विकत घेतलं.

भारतानं स्वतः काय केलं? स्वातंत्र्यानंतर आपण कुठल्याच गटात गेलो नाही. ९ ऑगस्ट १९७१ रोजी मात्र दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या केल्या. त्याचं नववं कलम बारकाईनं वाचण्यासारखं आहे. हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला तर दोघं तात्काळ एकमेकांशी विचारविनिमय करतील आणि योग्य ती पावलं उचलतील. धावून येण्याचं वचन नाही. तळ नाहीत, संयुक्त हुकूम नाही. तरीही डिसेंबरात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघानं वारंवार नकाराधिकार वापरला आणि ढाका पडेपर्यंत आपल्याला लागणारे दिवस मिळाले. अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली होती, तिच्यामागे सोव्हिएत नौका गेल्या. इंदिरा गांधींनी त्या करारात जे लिहू दिलं त्यापेक्षा जे लिहू दिलं नाही, त्यात मला मोठी मुत्सद्देगिरी दिसते.

किंमत मात्र आपणही मोजली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेधाचा ठराव आला आणि भारत तटस्थ राहिला. आपल्याच शेजारातल्या एका देशावरच्या आक्रमणाबद्दल आपण मोकळेपणी बोललो नाही. याचं कारण ओझरला जाऊन पाहता येतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) तिथला कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मिग-२१ या सोव्हिएत लढाऊ विमानासाठी, पुढे तिथंच सुखोई-३० बनली. नाशिकच्या दोन-तीन पिढ्या त्या कारखान्यावर घडल्या. आयटीआयमधून फिटर होऊन लागलेली मुलं तिथून निवृत्त झाली, ओझर टाउनशिपमधल्या घरांत विमानांची नावं रोजच्या बोलण्यात आली. पण ज्या देशाचा परवाना, ज्याचे आराखडे, त्याच्याशी चारचौघांत वाद घालताना सरकारचा आवाज आपोआप खाली येतो. करारात न लिहिलेला लगाम तो हाच, आणि तो जास्त टिकतो. मिग-२१ हवाई दलातून निवृत्त व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. मूळ करार सोव्हिएत संघाशी झाला होता, तो देश नकाशावरून जाऊन तेव्हा ३० वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

अमेरिकेशी आपण २०१६ ते २०२० या काळात तीन महत्त्वाचे करार केले: एकमेकांच्या बंदरांत आणि विमानतळांवर इंधन-रसद घेण्याचा, सुरक्षित संदेशयंत्रणेचा, आणि नकाशे व उपग्रहांच्या माहितीचा. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियासोबतचं क्वाड आहे. यातलं काहीच लष्करी युती नाही, कोणावर हल्ला झाला तर कोण येणार याची एक ओळही कुठे नाही. असं असूनही ऑगस्ट २०२५ मध्ये, रशियाचं तेल घेतो म्हणून, अमेरिकेनं आपल्या मालावर जादा २५ टक्के आयातशुल्क लादलं.

आणि ओझरला १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथं तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. विमान आपलं, आराखडा आपला, जोडणी नाशिकच्या हातांची. त्याच्या पोटातलं एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. ९९ इंजिनांची मागणी ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदवली होती, पहिलं इंजिन हाती पडलं मार्च २०२५ मध्ये. उशिराचं कारण पुरवठासाखळीचं होतं, राजकारणाचं नव्हे. तरीही तेवढा काळ विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट पाहत थांबले, आणि हवाई दलाच्या तुकड्या कमी होत गेल्या. तेजस मार्क-१ए ची मागणी आता ८३ अधिक ९७, म्हणजे १८० विमानांची आहे. त्यातल्या प्रत्येकाला ते इंजिन लागणार आहे.